एक मशीन, दोन बिऱ्हाडं

गिरगावातल्या कांदेवाडीत, म्हणजे आजच्या खाडिलकर रोडवर, लग्नपत्रिकांच्या दुकानांच्या आतल्या अंगाला अजून डीटीपीची टेबलं टिकून आहेत. पुढचा संवाद अशाच एका टेबलाशी घडला असं समजा. मामा आणि भाची दोघंही काल्पनिक आहेत. त्यांची अडचण मात्र खरी आहे, आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर ती बऱ्याच टेबलांवर येऊन बसली आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर फार जुना चालत नाही. मामाचं मशीन दोन्ही परीक्षांत नापास. भाची परळला राहते, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकते. तिने विंडोज न काढता त्याच डिस्कवर, बाजूला जागा करून, उबुंटू लिनक्स टाकून दिलं. मशीन चालू केलं की आता ते विचारतं, कुठे जायचं? आठवडा व्हायच्या आत दुसरा प्रश्न आला: कागद कुठे ठेवायचे?

मामा: माझं म्हणणं साधं आहे. डी ड्राइव्हवर माझी पंचवीस वर्षांची कामं आहेत. लग्नं, मुंजी, वास्तुशांती, तेराव्याची कार्डं, मंडळांच्या स्मरणिका. तुझ्या उबुंटूने त्यांना हात लावायचा नाही. त्याला वेगळी जागा दिलीय ना? तिथे त्याने काय हवं ते करावं.

भाची: आणि स्मरणिकेचं प्रूफ मला बघायचं असेल तर? पेन ड्राइव्हवर घ्यायचं, मशीन बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, पेन ड्राइव्ह लावायचा. दुरुस्त्या झाल्या की उलटा प्रवास. दोन दिवसांत चार प्रती होतील आणि शेवटची कुठली हे तुलाही सांगता येणार नाही.

मामा: तुझ्या पणजोबांनी लालबागला एका खोलीत दोन बिऱ्हाडं बघितलीत गो. मधे साडीचा पडदा. भांडणं कशावरून व्हायची? सामायिक वस्तूंवरून. म्हणून शहाणी माणसं चुली वेगळ्या ठेवायची.

भाची: चुली वेगळ्याच आहेत. सी ड्राइव्ह विंडोजची, माझा भाग उबुंटूचा. प्रश्न फक्त कागदपत्रांचा आहे. आणि तुझा तो पडदा एकाच बाजूने पारदर्शक आहे, हे माहितीय का?

हा मुद्दा मामाला ठाऊक नव्हता, आणि नवं लिनक्स टाकणाऱ्या बहुतेकांना नसतो. विंडोज आपल्या फाइली एनटीएफएस नावाच्या पद्धतीने मांडतं, लिनक्स सहसा एक्स्ट४ पद्धतीने. लिनक्सला विंडोजची मांडणी वाचताही येते आणि तीत लिहिताही येतं. २००७ पासून एनटीएफएस-३जी नावाचा ड्रायव्हर हे काम करत आला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या ५.१५ आवृत्तीपासून पॅरागॉन कंपनीने दिलेला दुसरा ड्रायव्हर थेट लिनक्सच्या गाभ्यातच आला. उलट बाजूने असं काही नाही. साध्या विंडोजला लिनक्सचा भाग डिस्क मॅनेजमेंटमध्ये नुसता बिननावाचा तुकडा दिसतो. त्यात कागद आहेत हे त्याला कळत नाही. एखाद्या उत्साही माणसाने तो तुकडा रिकामा समजून पुसून टाकला तर विंडोज फारशी हरकतही घेत नाही.

भाची: म्हणजे सामायिक जागा करायची तर ती विंडोजच्या पद्धतीचीच हवी. डी ड्राइव्ह आयतीच आहे. ती उबुंटू चालू होतानाच जोडली जाईल अशी सोय करते. दोन्हीकडून तेच फोल्डर, तीच फाइल. प्रत एकच.

मामा: परवा तू हेच केलंस ना? आणि उबुंटू म्हणालं, उघडता येणार नाही. माझी अख्खी डी ड्राइव्ह गेली म्हणून माझ्या पोटात गोळा आला.

भाची: ती गेली नव्हती. तू विंडोज बंद केलं नव्हतंस.

मामा: मी स्वतः शटडाउन केलं. दिवा विझलेला बघितला.

भाची: दिवा विझला, विंडोज झोपलं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. शटडाउन म्हटलं की ते स्वतःचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतं, सकाळी तोच उचलतं. म्हणून लवकर सुरू होतं. पण डी ड्राइव्ह कशी होती याची आठवणही त्याच्याजवळ तशीच असते. मधल्या वेळात मी तिथे काही बदललं तर सकाळी उठलेलं विंडोज जुन्या आठवणीवर लिहायला जाणार आणि फाइली बिघडणार. लिनक्सला हे कळतं. म्हणून ते ड्राइव्ह एकतर फक्त वाचायला देतं, नाहीतर उघडतच नाही. त्याने तुझे कागद वाचवले, मामा.

मामा: मग मी काय, रोज वायर उपटू?

भाची: नको! पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढली की झालं. आणि तोवर, गंमत बघ, शटडाउनपेक्षा रीस्टार्ट जास्त खरं आहे. रीस्टार्ट केलं की विंडोज पूर्ण आवरून जातं.

मामाने खूण काढली. मशीन सुरू व्हायला आता थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यावरून तो भाचीला दोन दिवस ऐकवत राहिला. माझ्या मते दोन सिस्टीम एका डिस्कवर ठेवणाऱ्याने दुसरं काही केलं नाही तरी चालेल, ही एक खूण मात्र पहिल्याच दिवशी काढावी. नव्या विंडोज ११ च्या मशीनवर आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिथे बहुधा बिटलॉकरने डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. त्या बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवल्याशिवाय दुसरी सिस्टीम टाकायला बसू नये.

मामा: बरं, विंडोजच्याच पद्धतीची जागा का? पेन ड्राइव्ह दोन्हीकडे चालतो, त्याच्यासारखा एक भाग कर की.

भाची: करता येतो. जुन्या फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. तुझ्या स्मरणिकांना ते पुरेल, मंडळाच्या विसर्जनाच्या व्हिडिओला पुरणार नाही. एक्सफॅटला ती अडचण नाही. त्याचा तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ साली खुला केला आणि तेव्हापासून लिनक्सही ते धडपणे वाचतं. पण एक्सफॅटला जर्नल नाही. म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली तर काय अर्धवट राहिलं याची नोंद त्याच्याकडे नसते.

मामा: गिरगावात वीज जात नाही. बेस्टची आहे.

भाची: १२ ऑक्टोबर २०२०.

मामा गप्प झाला. त्या सोमवारी सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. एनटीएफएसला जर्नल असतं, तेव्हा सामायिक भागासाठी तेच बरं. फक्त ते बिघडलं तर नीट दुरुस्त करण्याचं हत्यार विंडोजकडेच आहे. लिनक्सकडचं हत्यार वरवरची मलमपट्टी करतं. म्हणजे सामायिक जागा वापरायची तर विंडोज पुरतं काढून टाकता येत नाही. हे मामाला फार आवडलं.

मामा: एक सांगू? तुझी दोन बिऱ्हाडं एकमेकांचं घड्याळसुद्धा मानत नाहीत. काल तू संध्याकाळी सातला दुरुस्त्या करून गेलीस. मी आठला बसलो. विंडोज म्हणतंय दुपारचे अडीच. मी कामाच्या घाईत बघितलंही नाही. जाहिरातीचं पान बदललं, दुसऱ्या नावाने सेव्ह केलं. आज सकाळी तारीख-वेळ लावून बघतो तर तुझी फाइल नवी आणि माझी जुनी.

भाची: साडेपाच तासांचा फरक ना? विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळात इथली वेळ ठेवतं. लिनक्स तिथे जागतिक वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. मी उबुंटू बंद केलं तेव्हा घड्याळात जागतिक वेळ होती, विंडोजने तीच भारतीय समजून दाखवली. इंटरनेट चालू असतं तर थोड्या वेळाने सुधारलं असतं. तू वायफाय बंद ठेवतोस.

मामा: मुंबईला हे नवीन नाही. १९०६ साली सगळ्या देशाची एक वेळ झाली, तरी मुंबई हटून बसली होती. मुंबई टाइम वेगळा, एकोणचाळीस मिनिटं मागे. पन्नास वर्षं दोन्ही घड्याळं चालली, १९५५ पर्यंत. माझे आजोबा सांगायचे, लग्नाचा मुहूर्त कुठल्या टाइमाने हे पत्रिकेत छापावं लागायचं.

भाची: मग तेव्हा काय केलं?

मामा: शेवटी मुंबईने ऐकलं.

भाची: इथे उबुंटू ऐकेल. त्याला एका आज्ञेत सांगता येतं की आतलं घड्याळ स्थानिक वेळेचंच समज. विंडोजला उलटं शिकवता येतं, पण त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालावा लागतो.

आजोबांची साक्ष घरगुती म्हणून सोडून देऊ, पण घड्याळाचा हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. फाइल हरवली तर माणूस शोधतो. जुनी फाइल नवी म्हणून छापखान्यात गेली तर कोणी शोधतही नाही; ते गणपती बसल्यावर, जाहिरातदाराचा फोन आल्यावर कळतं.

नावांचंही तसंच. मामाच्या हाताखालच्या मुलाने उबुंटूत बसून एका पत्रिकेच्या फाइलला मुहूर्ताची वेळ नाव म्हणून दिली, मधे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन. लिनक्सला ती चालतात. विंडोजला फाइलच्या नावात ती टिंबं, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह यांपैकी काही चालत नाही. फाइल दिसायची, उघडायची नाही. लिनक्स इंग्रजी नावांत लहान-मोठी अक्षरं वेगळी मानतं आणि विंडोज सहसा मानत नाही, हा घोळ देवनागरी नावांना होत नाही. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. पण आपला खास असा एक घोळ आहेच.

भाची: हे बघ. या फोल्डरमध्ये ‘वऱ्हाड’ नावाच्या दोन फाइली आहेत. एकाच नावाच्या दोन फाइली एका फोल्डरमध्ये असूच शकत नाहीत ना?

मामा: दिसतायत तर खऱ्या. काना, मात्रा, सगळं सारखं.

भाची: दिसायला सारखं. त्या अर्ध्या र ची खूण युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते. एकात वेगळा ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि पुढे न दिसणारा जोडक. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर ठरतं. विंडोज आणि लिनक्स दोघंही नाव आतल्या खुणांवरून ओळखतात, रूपावरून नाही. म्हणून दोन फाइली. शोधायला गेलास तर एकच सापडेल.

मामा: मग फाइलींना मराठी नावं द्यायची नाहीत?

भाची: द्यायची. पण सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा. इनस्क्रिप्ट सरकारी मानक आहे, दोन्हीकडे सारखा मिळतो.

मामा: माझी बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेली आहेत. आता ती दुसरीकडे बसायची नाहीत.

इथवरचं भांडण तसं साध्या सोयी-गैरसोयीचं होतं आणि त्यात भाचीची सरशी होत होती. डी ड्राइव्ह सामायिक झाली, घड्याळ जुळलं. मग तिने उबुंटूतून १९९९ सालच्या एका स्मरणिकेतला लेख उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि चलनाच्या खुणा यांचा सडा पडला.

मामा: बघ! म्हणत होतो ना, हात लावू नको. बिघडवलीस.

भाची: मी काही बिघडवलं नाही. फाइलमध्ये हेच आहे. पहिल्या दिवसापासून.

मामा: माझ्या विंडोजवर ती मराठी आहे.

भाची: तुझ्या विंडोजवर ती मराठी दिसते. यात मराठीचं एकही अक्षर नाही.

हे वाक्य ऐकून मामा चिडला, आणि त्याचं चिडणं मला समजतं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती पुण्यातल्या दोन ठिकाणांहून: मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम. बंगळुरूची आकृती होती, शिवाजी नावाचे फाँट होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण विंडोजला ती नीट दाखवता येऊ लागली विंडोज २००० आणि त्यासोबतच्या मंगल फाँटपासून. तोवर थांबायला कांदेवाडीला सवड नव्हती. लग्नं थांबत नाहीत. म्हणून एक नामी युक्ती झाली. संगणकाला वाटू द्यायचं की आपण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच लिहितो आहोत. फाँटमध्ये मात्र त्या त्या जागी अक्षराचे तुकडे बसवायचे: काना, वेलांटी, अर्धा म, रफार. पडद्यावर आणि कागदावर सुंदर मराठी. आत मात्र इंग्रजी चिन्हांची रांग. प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या सोयीने बसवले, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याच्या फाँटमध्येही वाचता येत नाही. लिनक्स हे फक्त निमित्त.

मामा: मग तो फाँट तुझ्या उबुंटूत टाक.

भाची: टाकता येईल, फाँटची फाइल तीच चालते. परवान्यात बसतं का ते तू बघ. पान दिसेलही. पण त्याने काय होईल? यात मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांपैकी एकाचं नाव शोध म्हटलं तर मशीन शोधू शकणार नाही. स्पेलचेक सगळ्याखाली लाल रेघ मारेल. हा लेख मोबाइलवर पाठवलास तर समोरच्याला हाच कचरा दिसेल.

मामा: मी लेख पाठवतच नाही. मी पान पाठवतो. पीडीएफ करतो, छापखान्यात जातं, छापून येतं. या भागाची रीत तीच आहे. काळबादेवीला कोलभाट गल्लीत जावजी दादाजींचा निर्णयसागर होता. १८६९ पासून. त्यांच्या फाउंड्रीचे टाइप दुसरे छापखानेही घ्यायचे. त्यांनी छापलेली पोथी आजही उघडून वाचता येते. कुठली सिस्टीम लागते तिला? पान नीट लागलं की काम संपलं.

भाची: पोथी वाचता येते कारण ती कागदावर आहे. तुझ्या १९९९ च्या स्मरणिकेची छापील प्रत आहे तुझ्याकडे?

मामा: मंडळाकडे असेल.

भाची: मंडळाने तुझ्याकडेच मागितलीय. म्हणून तर आपण ही फाइल उघडली.

मला वाटतं, या दोघांचं खरं भांडण इथे सुरू होतं, आणि त्याचा विंडोज-लिनक्सशी संबंध थोडाच आहे. मामाच्या लेखी फाइल म्हणजे पान. ओळ कुठे मोडली, जाहिरातीच्या चौकटीत नाव मावलं का, ल ची पाकळी आणि श चा देठ बरोबर आहे का, हे सगळं त्या फाइलचा भाग आहे. भाचीच्या लेखी फाइल म्हणजे मजकूर. तो कुठेही ओतता आला पाहिजे, पानाचं पुढे बघू. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच नुसती ड्राइव्ह सामायिक करून प्रश्न सुटत नाही.

मामाच्या बाजूने सांगायला पुष्कळ आहे. भाचीने युनिकोडमध्ये टाइप केलेलं एक पान त्याने विंडोजमध्ये उघडलं तर ते सव्वा पान झालं होतं. तिकडे लोहित फाँट होता, इकडे तो नसल्यामुळे दुसरा आला, अक्षरांची रुंदी बदलली, शेवटच्या चार ओळी पुढच्या पानावर गेल्या. शिवाय पानभर हिंदी वळणाचे ल आणि श.

मामा: शासनाने २००९ साली ठरवून दिलंय, मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा. तुझ्या मशीनला कोणी सांगितलं नाही वाटतं.

भाची: मशीनला भाषा सांगावी लागते. तुझ्या हाताखालच्या मुलाने मजकुराची भाषा हिंदी ठेवली होती. मराठी निवडली की चांगल्या फाँटमध्ये ल आणि श आपोआप मराठी वळणाचे येतात. आणि फाँट दोन्हीकडे एकच टाकायचा. मुक्त परवान्याचा घेतला की प्रश्नच नाही. एक टाइप ही आपल्या मुंबईतलीच मंडळी, त्यांचा मुक्ता फुकट मिळतो. नोटो आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. 

मामा: आणि माझा पानं लावायचा पेजमेकर? तो तुझ्याकडे चालत नाही.

भाची: पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, मामा. लिबरऑफिस त्या फाइली उघडू शकतं, पण पान जसंच्या तसं येईल अशी खात्री मी देणार नाही. ते पान फक्त तुझ्या जुन्या विंडोजवरच खरं आहे. म्हणून सांगते, ते विंडोज ठेव, पण इंटरनेटला लावू नकोस. पुढेमागे त्याला उबुंटूच्या आत आभासी मशीन म्हणून बसवू. मग दोन्ही एकाच वेळी चालतील, एक फोल्डर दोघांत उघडं ठेवता येईल, सारखं बंद-चालू नको.

मामा: त्यात माझा डोंगल चालेल? तो लावल्याशिवाय मराठी फाँटचं सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. तो जुन्या प्रिंटरच्या पोर्टला लागतो.

भाचीला याचं उत्तर देता आलं नाही. नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. मराठी अक्षरजुळणीच्या इतिहासातला एक मोठा भाग अशा एखाद्या काळ्या ठोकळ्यावर टांगलेला आहे, आणि तो ठोकळा ड्रॉवरमध्ये कुठेतरी असतो.

मामा: मग सगळं युनिकोडमध्ये फिरवून टाक. एका रात्रीत होतं म्हणतात.

भाची: फिरवणारे प्रोग्राम आहेत. पण बघ काय होतं. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, कारण ती तशी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, कारण आपण तशी उच्चारतो. रफाराचं उलटं, तो जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. प्रोग्रामला प्रत्येक ठिकाणी हे उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. साध्या अक्षराला जमतं. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की चुकतं. कार्यकर्त्यांच्या आडनावांची यादी त्यातून काढलीस तर प्रूफ वाचायलाच लागेल.

मामा: प्रूफ मी वाचीन. ते मला येतं.

इतक्या वेळात मामाने आपणहून घेतलेलं हे पहिलं काम. पुढचं त्यांचं ठरलं ते असं: जुन्या फाइलींना डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर, त्यात उबुंटूने फक्त वाचायचं. दर वर्षी लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे आरत्यांची पुस्तिका, जाहिरातदारांची यादी, मंडळाच्या इतिहासाचा लेख, एवढ्याच आधी युनिकोडमध्ये घ्यायच्या. बाकीच्यांची विंडोजमधून पीडीएफ काढायची. जुन्या फाँटच्या पीडीएफमध्येही शोध चालत नाही, पण पान तरी डोळ्यांनी वाचता येतं. सगळी पंचवीस वर्षं फिरवायचा हट्ट भाचीने सोडला. नवीन कामं मात्र दोन्हीकडे उघडतील अशीच सुरू करायची. यावर मामाची कुरकुर अजून चालू आहे, कारण त्यासाठी त्याला टाइपरायटरचा कीबोर्ड सोडावा लागतो.

मामा: एवढं करण्यापेक्षा सगळं क्लाउडवर टाकलं असतं तर?

भाची: टाक, एक प्रत असू दे. पण गुगल ड्राइव्हचं विंडोजला ॲप आहे, लिनक्सला नाही. तिथे सहसा ब्राउझरमधून ये-जा करावी लागते. आणि जुना फाँट क्लाउडवर गेला म्हणून मराठी होत नाही.

मामा: ते कळलं आता.

माझा कौल सांगतो. मशीनपुरतं भाचीचं बरोबर आहे: एक सामायिक एनटीएफएस भाग, फास्ट स्टार्टअप बंद, घड्याळ एका वेळेवर, फाँट दोन्हीकडे एकच. पण पहिल्या दिवशी मामाने ‘हात लावू नको’ म्हटलं नसतं तर तिने उत्साहाच्या भरात जुनी ड्राइव्ह आवरायला घेतली असती आणि दोन-चार वर्षांची पानं कायमची गेली असती. भाचीनेही सगळ्यात आधी डी ड्राइव्हची पुरी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली होती, पण ती मामाने आग्रह धरल्यामुळे. नाहीतर हे काम माणूस शेवटी करतो.

मुंबईत सार्वजनिक गणेशोत्सव गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सुरू झाला. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या मंडळांचं, नाट्यसंस्थांचं, वाचनालयांचं १९९० ते २०१० या काळातलं बरंचसं छापील लिखाण अशाच जुन्या फाँटच्या फाइलींत आहे. विभागातल्या माणसांची नावं, गिरणी संपानंतरच्या आठवणी, जुन्या चाळींचे फोटो आणि त्यांच्याखालच्या ओळी. ज्यांच्याकडे अशा फाइली असतील त्यांनी येत्या दिवाळीच्या आत एवढं करावं: ज्या मशीनवर त्या अजून मराठीत दिसतात ते मशीन बंद पडायच्या आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून घ्यावी, कुठल्या फाइलला कुठला फाँट ते एका वहीत लिहावं, आणि तो फाँट त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. युनिकोड नंतर सवडीने करता येईल.